वस्तऱ्याचा अनोळखी दगड ओळखायची रीत

अनोळखी दगड हातात आला की तो लगेच नळाखाली धरू नका. अंगावरचा मळ, तेल, सुकलेला सरस, कागदाचे तुकडे, पेटीच्या लाकडाचा वास, हे सगळं आधी वाचून घ्या. एकदा धुतलं की गेलं. लेबलाचा कागद करंगळीच्या नखाएवढाच उरला असला तरी त्यावर दोन अक्षरं असू शकतात, आणि ती दोन अक्षरं पुढच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जातात.

मी बोलतोय ते वस्तऱ्याच्या दगडांबद्दल. न्हाव्याच्या धोकटीत चामोटीशेजारी (वस्तरा परजायच्या चामड्याच्या पट्ट्याशेजारी) असायची ती पथरी, किंवा संस्थानी काळातल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या दाढीच्या पेटीतला लांबट दगड. बडोद्यात असे दगड अजून निघतात. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातला जुना वाडा पाडायला निघाला की माळ्यावरचा ऐवज खाली उतरतो. थोडा नातेवाइकांत जातो, थोडा भंगारात, आणि उरलेला शुक्रवारी बाजारात चादरीवर येऊन बसतो. चादरीमागचा माणूस प्रत्येक दगडाला "असली फॉरेननो छे, साहेब" म्हणतो. असेलही फॉरेनचा. पण फॉरेनमध्ये कुठला, आणि गालावर चालेल का, हे त्याला विचारून उपयोग नाही. माझी नोकरी टूलरूममध्ये गेली, दाढी अजून वस्तऱ्यानेच करतो, म्हणून ओळखीची माणसं असले दगड माझ्याकडे आणून ठेवतात. ते तपासता तपासता जी रीत बसली ती इथे लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. आधी दगडाचं कूळ, म्हणजे तो कशाचा बनलाय ते ठरवायचं; गाव, म्हणजे कुठल्या खाणीचा ते मागाहून. बहुतेक लोक उलटं करतात. हिरवट दगड दिसला की 'एशर' (जर्मनीचा पाटीच्या जातीचा), पिवळा दिसला की 'कोटिक्यूल' (बेल्जियमचा पिवळा), आणि मग उरलेला सगळा पुरावा त्या नावाला चिकटवत बसतात. कूळ घरच्या घरी जवळजवळ नक्की ठरतं. गाव पुष्कळदा ठरतच नाही, आणि त्याने वस्तऱ्याचं काही अडतही नाही.

कारखान्याचा माल बाजूला काढा

आपल्याकडच्या घरांत सापडणारे निम्म्याहून जास्त 'जुने दगड' खाणीतले नसतात, भट्टीतले असतात. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे आपलं कार्बोरंडम, अमेरिकेत अ‍ॅचेसनने १८९१ साली बनवलं. मद्रासची कार्बोरंडम युनिव्हर्सल कंपनी १९५४ सालची. सुताराच्या, खाटकाच्या, शिंप्याच्या हातात तेव्हापासून हेच दगड आहेत. एक बाजू जाड, एक बारीक, मध्ये जोडाची सरळ रेघ दिसली तर विचार करत बसू नका. नारिंगी-तपकिरी, तेल प्यायलेला, जड दगड बहुधा नॉर्टनचा 'इंडिया' निघतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. नाव इंडिया, जन्म अमेरिकेचा.

चकवतात ते न्हाव्यांसाठी बनवलेले बारीक कृत्रिम दगड, उदाहरणार्थ स्लोव्हेनियातल्या मारिबोरचा 'स्वाटी'. गुळगुळीत, लहान, हातात छान बसणारे. लेबल गेलं की ते खाणीतले वाटतात. घड्याळजीचं दहापट भिंग डोळ्याला लावा आणि दगड ओला करून उन्हात तिरका धरा. कृत्रिम दगडात कण सगळीकडे सारखे चमकतात, सहाही बाजू एकसारख्या दिसतात, कुठे शीर नाही, डाग नाही, थराची रेघ नाही. कडा साच्यातून निघाल्यासारख्या किंचित गोल असतात. खाणीतल्या दगडाची निदान एक बाजू तरी करवतीच्या किंवा छिन्नीच्या खुणा दाखवते, आणि सहा बाजू सहा तऱ्हेच्या असतात. लबाडी पकडायची तर वरची घासलेली बाजू सोडा, खालची आणि डोक्याकडची बाजू बघा. तिथे कोणी पॉलिश करायला गेलेलं नसतं.

झीज कशी आहे तेही याच वेळी बघून घ्या. वस्तऱ्याचा कणा आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, त्यामुळे वस्तऱ्यासाठी वापरलेला दगड लांबीभर हलकासा, सारखा झिजतो. मध्येच होडीसारखा खोल गेलेला असेल तर त्यावर चाकू, पटाशी, रंधा चालला आहे. वाईट असं नाही, पण तो वस्तऱ्यासाठी घेतला गेला नव्हता एवढं कळतं.

धुवायचं कसं

फोटो काढून झाले, लेबल-शिक्के टिपून झाले, मग धुणं. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. तेलकट दगड रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला तर पाण्यासारखं पातळ झालेलं जुनं तेल खाली उतरतं. घराबाहेर, झाकण लावून, विस्तवापासून लांब. नंतर पुन्हा साबण. उकळू नका. पाटीच्या जातीचा दगड थरांत सुटतो, आणि पाठीला दुसरा दगड चिकटवलेला असेल तर जुना सरस गरम पाण्यात हार मानतो. तेलाने काळा पडलेला दगड आतून पांढराशुभ्र निघाला असं मी पुष्कळदा बघितलंय, म्हणून तेल निघेपर्यंत रंगावरून काहीही ठरवायचं नाही.

स्वयंपाकघरातला काटा

सगळ्या तपासण्यांत मला सर्वांत जास्त भरवशाची वाटते ती घनतेची, आणि ती लोक सगळ्यात कमी करतात. काय लागतं? डिजिटल किचन काटा, दगड बुडेल एवढं भांडं आणि दोरा. एवढंच.

दगड आधी कोरडा वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. तळाला टेकू द्यायचा नाही, काठाला लागू द्यायचा नाही, बोटंही पाण्यात नकोत. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्या दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळाली.

भाच्याने आणलेला एक दगड सांगतो. फिकट पिवळा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, एका बाजूला जुन्या सरसाचे चट्टे.

"मामा, कोटिक्यूल आहे ना हा?"

"काटा आण, मग सांगतो."

कोरडं वजन ४१२ ग्रॅम, पाण्यातला आकडा १२८. भागाकार ३.२२. इथे प्रश्न जवळजवळ मिटतो. गारगोटीची घनता २.६५, चुनखडीची २.७ च्या आसपास, पाटीचा दगड २.७ ते २.८. आपल्या पावागढचा काळा दगडही साधारण २.९ च्या घरात. धारेच्या दगडांत ३ च्या वर जायला आत काहीतरी जड लागतं, आणि पिवळ्या बेल्जियन दगडात, म्हणजे कोटिक्यूलमध्ये, ते असतं. त्यात स्पेसार्टिन जातीचं मँगनीजयुक्त गार्नेट ठासून भरलेलं असतं. आकारमानाने तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. त्या गार्नेटची एकट्याची घनता ४ च्या वर, बाकीचा भाग अभ्रकाच्या जातीचा. म्हणून तो दगड दिसतो त्यापेक्षा जड लागतो.

या मोजणीत दोन अडचणी येतात. पहिली, सच्छिद्र दगड पाणी पितो आणि काट्यावरचा आकडा डोळ्यांसमोर हळूहळू बदलत जातो. असा दगड बुडबुडे थांबेपर्यंत आधी भिजवून ठेवा आणि मग बुडवून मोजा. भागाकारात मात्र कोरडंच वजन धरा. आकडा सरकतो आहे हाही एक पुरावाच आहे. मऊ वॉशिटा (अमेरिकेतल्या आर्कान्साचा गारगोटीच्या जातीचा दगड) किंवा भट्टीतला दगड असा वागतो. तिथलाच काळा किंवा अर्धपारदर्शक आर्कान्सा ढिम्म हलत नाही. दुसरी अडचण चिकटवलेल्या पाठीची. पाठ दुसऱ्या दगडाची असेल तर मिळालेला आकडा दोघांचा मिळून येतो, त्यावरून निकाल देऊ नका.

ओरखडा, आम्ल, उजेड आणि श्वास

हे सगळं दगडाच्या कडेच्या बाजूवर करायचं. कामाच्या तोंडावर कधीही नाही.

खिशातल्या चाकूचं टोक दाबून ओढा. पाटीच्या जातीच्या दगडावर फिकट पुडीची रेघ उठते आणि बोटाला खाच लागते. गारगोटीच्या जातीचा दगड चाकूलाच खातो; त्याच्यावर शिसपेन्सिलीसारखी करडी, चकचकीत रेघ राहते, ती पोलादाची. नखाने पुसून बघा, खाच लागत नाही.

चाकूने खरवडून निघालेल्या पुडीवर लिंबाचा किंवा व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. जुन्या तुर्की तेलदगडात सिलिकाबरोबर चुन्याचा अंश असतो, त्यामुळे तो थोडा फसफसतो. अखंड चुनखडी मात्र जोरात फसफसते आणि चाकूने सहज कोरली जाते. पिवळसर राखाडी, अतिशय बारीक पोताचा असा सपाट तुकडा बडोद्यात हातात आला तर लिथो छपाईच्या दगडाचाही विचार करा. आपल्या कलाशाळेत तर ही छपाई शिकवली जाते. दिसायला तो इतका सुरेख असतो की वस्तऱ्याचा दगड म्हणून सहज खपतो. पोलाद कापण्याइतका कठीण कणच त्यात नाही.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा दिवा कडेला टेकवून धरा. कडा मेणबत्तीसारखी उजळली तर दगड आर्कान्साचा किंवा अकीक. अकीकाचे पट्टे आत वाटोळे, थरावर थर दिसतात. राजपिपळ्याकडच्या रतनपूरच्या खाणींतला अकीक खंबायतला घडवला जातो, त्याचे खल-बत्ते आपल्या प्रयोगशाळांत असतात, त्यामुळे या भागात अकीकाची सपाट पट्टी निघाली तर नवल नाही. ती धार कापत नाही, घोटते. शेवटच्या हातासाठी काहीजण वापरतात. मला तो खटाटोप वाटतो.

शेवटची श्वासाची. कोरड्या दगडावर तोंडाने हाहा करून वाफ सोडा आणि लगेच वास घ्या. पहिल्या पावसात अंगणाला येतो तसला मातीचा वास आला तर दगडात चिकणमातीचा अंश आहे, म्हणजे पाटीचं कूळ. गारगोटीला वास नाही. पोरं हसतात बघून, पण भूशास्त्राचे लोकही हेच करतात.

उगाळून बघा

दगडावर थोडं पाणी घ्या आणि त्याच जातीच्या लहान तुकड्याने, नसेल तर हिऱ्याच्या बारीक प्लेटने, सहाणेवर गंध उगाळतो तसं उगाळा. निघालेली स्लरी पांढऱ्या बशीत उतरवा. दगडावर असताना तिचा खरा रंग कळत नाही. प्लेट नवी कोरी असेल तर ती आधी दुसऱ्या कशावर तरी चालवून घ्या, नाहीतर तिचाच करडेपणा बशीत येतो.

पिवळ्या बेल्जियन दगडाची स्लरी दुधासारखी. त्याच खाणींतला निळा-जांभळा दगड, जो पुष्कळदा पिवळ्याची पाठ म्हणून जोडलेला असतो, तो फिकट जांभळट-लालसर स्लरी देतो. त्यात हेमॅटाइट, म्हणजे लाल लोहखनिज, असतं. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या दगडाची फिकट, पांढुरकी किंवा करडी, आणि ती चटकन निघते. इंग्लंडच्या चार्नली फॉरेस्ट दगडावर हात दुखेपर्यंत उगाळा, बशी जवळजवळ स्वच्छच राहते.

आता त्याच स्लरीवर जुन्या, टाकाऊ पोलादी पात्याचे काही हात मारा. स्लरी किती लवकर काळपट होते त्यावरून दगड किती वेगाने पोलाद काढतो ते कळतं. बेल्जियन स्लरी थोड्याच वेळात राखाडी होते. गडद करडा चिनी दगड, जो ग्वांग्शीतून येतो आणि आजकाल स्वस्तात मिळतो, त्यावर तुम्ही बराच वेळ पातं फिरवत राहाल आणि फारसं काही घडणार नाही. मंद आहे तो, वाईट नाही.

कुळावरून गावाकडे

एवढं झालं की कूळ हातात येतं. आता गावाचं बघू, आणि इथे प्रत्येक कुळाला सारखी जागा देण्यात अर्थ नाही.

बेल्जियन सगळ्यात सोपा. आर्देनच्या डोंगरातल्या व्हिएलसाल्म परिसराचा, रंग पिवळा, घनता ३ च्या वर, स्लरी दूध. आणखी एखादी बारीक काळसर रेघ किंवा ठिपके असतील तर ते मँगनीजचे. संपला विषय. गार्नेटचे कण पाच ते वीस मायक्रॉनचे, म्हणजे आकड्यात बघाल तर दाढीसाठी जाडे. पण ते अनेक पैलूंचे, गोलसर असतात, त्यामुळे ओरखडा उथळ पडतो. म्हणूनच खाणीतल्या दगडाला ग्रिटचा (कणांच्या बारीकपणाचा) आकडा विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही मी गप्प करतो.

गारगोटीचं कूळ म्हणजे मुख्यतः अमेरिकेतल्या आर्कान्साच्या डोंगरांतलं नोव्हाक्युलाइट. हे जवळजवळ शुद्ध सिलिका. यात प्रतवारी घनतेवरच होते. वॉशिटा हलका, सच्छिद्र, २.२-२.३ च्या आसपास. कठीण, काळा किंवा अर्धपारदर्शक तो २.६ कडे झुकतो. वॉशिटा वस्तऱ्याचा शेवटचा दगड नाही. तो पटाशीचा, रंध्याचा. बडोद्यात कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची शाळा, १८९० मध्ये सुरू झालं, रेल्वेचा कारखाना होता, सुतारकामाच्या शाळा होत्या. त्यामुळे इथे निघणारे तेलकट पांढरे दगड बहुधा हत्यारांच्या पेटीतलेच असणार हे धरून चालायचं. हिरवट दगडात तांबड्या-जांभळट शिरा किंवा ठिपके, स्लरी नाही, चाकू रेघ सोडतो, असं जुळलं तर तो इंग्लंडच्या लेस्टरशायरमधला चार्नली फॉरेस्ट. फार सुंदर दगड, आणि फार मंद. सकाळची गाडी पकडायची असेल त्याने त्याच्या वाट्याला जाऊ नये.

काळाकुळकुळीत, गुळगुळीत, मुठीत मावणारा दगड आला तर भिंगाखाली आडव्या बारीक सोनेरी रेघा शोधा. त्या सापडल्या तर ती सराफाची कसोटी. मांडवीच्या सराफीतल्या घरांत अशा निघतात. काही कसोट्या खरोखर उत्तम काळ्या गारगोटीच्या असतात आणि वस्तऱ्याला शेवटचा हात द्यायला चालतात. पण आकार लहान, आणि सराफाने तिच्यावर आम्ल घातलेलं असतं, म्हणून आधी भरपूर धुवा. एखादा सराफ ओळखीचा असेल तर त्याला ती देऊन चांगला दगड मागा, असा माझा सल्ला.

खरी डोकेदुखी पाटीच्या कुळाची. थुरिंगिया, वेल्स, चीन, आपल्याकडचे पाटीचे दगड, सगळ्यांची घनता एकमेकांत मिसळलेली, रंग करडा-हिरवा-निळा, ओरखडा सारखा, वास सारखा. इथे काटा थकतो. जर्मनीतल्या झोनेबर्गच्या 'जे. जी. एशर उंड झोन'चं लेबल असेल तर प्रश्नच नाही; एशरचे दगड पिवळसर हिरव्यापासून गडद निळ्यापर्यंत येत आणि सोबत उगाळायचा लहान तुकडा असे. लेबल नसेल तर 'थुरिंगियाच्या जातीचा वाटतो' यापुढे मी जात नाही, समोरच्याने कितीही आग्रह केला तरी. थुरिंगियाचा दगड पोताने रेशमासारखा, शिरांशिवाय, पाण्यावर वापरलेला आणि लवकर स्लरी देणारा असतो. वेल्सच्या स्नोडोनियाकडचा 'लिन इडवल' त्याहून कठीण असतो आणि त्यावर जुन्या तेलाच्या खुणा असतात. फिकट करड्यावर गडद ठिपके असतील तर स्कॉटलंडचा 'वॉटर ऑफ एअर' किंवा त्याचा भाऊ 'टॅम ओ'शँटर'. तो ठिपक्यांवरूनच ओळखू येतो.

जपानी दगड जुन्या वाड्यात निघायची शक्यता कमीच. निघाला तर तो हल्लीच कोणीतरी ऑनलाइन मागवलेला असतो. क्योटोजवळच्या खाणींचा माल, अंगावर शाईचे शिक्के, एका बाजूला खाणीची तपकिरी साल. कडांना लाख किंवा रंग लावलेला असेल तर खरवडू नका. थरांत पाणी शिरून दगड सुटू नये म्हणून तो लावतात. साल आणि शिक्का घासून काढला की ओळख कायमची पुसली जाते.

वस्तरा टेकवण्याआधी

तोंड सपाट करायला जाड काच घ्या, तिच्यावर ओला वॉटर पेपर, आणि दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखा. चौकटी सगळ्या पुसल्या गेल्या की तोंड सपाट झालं. २२० ने सुरुवात, मग ४००, मग बारीक. कठीण आर्कान्सा कागदाला दाद देत नाही. त्याला काचेवर सिलिकॉन कार्बाइडची सुटी पूड आणि पाणी लागतं. कडांवर हलकी चांफर मारा, म्हणजे त्या किंचित तिरक्या घासा, नाहीतर वस्तऱ्याची धार कोपऱ्यावर अडकते.

हे सगळं ओल्यानेच. कोरडी पूड उडू देऊ नका, आणि ग्राइंडर तर मुळीच लावू नका. खंबायतचे अकीक घासणारे कारागीर आणि मंदसौरचे पाटीपेन्सिलीचे कामगार सिलिकोसिसने कसे गेले हे आपल्या दोन्ही बाजूंना सगळ्यांना माहीत आहे. तीच पूड आहे ही. खाली सांडलेला चिखलही ओला असतानाच पुसा.

सपाट झालेल्या ओल्या तोंडावर नख हळूच फिरवा, सगळीकडे, आडवं आणि उभं. कुठे खडा लागला, किंवा जुनं पातं ओढताना एकाच जागी 'कर्र' आवाज आला, तर तिथे कठीण कण आहे. वस्तऱ्याच्या धारेला तो दाते पाडेल. असा भाग छोटा आणि कडेला असेल तर टाळून वापरता येतो. मधोमध असेल तर दगड स्वयंपाकघरात द्या, विळी खूश होईल.

आता परीक्षा. वस्तरा आधी ओळखीच्या दगडावर, माझ्याकडे ८००० ग्रिटचा कृत्रिम पाणीदगड आहे, व्यवस्थित आणा. त्याच्यावर धार कशी लागते हे पक्कं माहीत पाहिजे, म्हणजे पुढचा फरक नव्या दगडाचा. मग पात्याचा फक्त टाचेकडचा अर्धा भाग अनोळखी दगडावर चालवा. कणा आणि धार दोन्ही टेकलेले, धार पुढे, दाब वस्तऱ्याच्या वजनाइतकाच. स्लरीने सुरुवात करा, थेंब थेंब पाणी घालत ती पातळ करत जा, आणि शेवटचे हात निव्वळ पाण्यावर. भिंगातून बघा. ८००० च्या सरळ रेघा अर्ध्या भागात पुसल्या गेल्या का? तिथली चमक धुकट झाली की आरशासारखी? बेल्जियन दगड धुकट ठेवतो, कठीण आर्कान्सा आरसा करतो, आणि दाढी दोन्हींनी होते. रेघा पुसण्याऐवजी आणखी जाड दिसायला लागल्या तर तो दगड शेवटच्या हाताचा नाही. ८००० च्या आधी कुठेतरी त्याची जागा शोधा.

आर्कान्साच्या बाबतीत एक लक्षात घ्या. त्याचं तोंड कितपत घोटलं आहे यावर तो कसा वागतो ते ठरतं. नुकतंच जाड पुडीने सपाट केलेलं तोंड वखवखल्यासारखं कापतं, तेच पुढे घोटलं गेलं की मऊ धार देतं. म्हणून त्याच्यावर पहिल्या दिवशी निकाल देऊ नका.

अर्ध्या पात्याची युक्ती भिंगापुरती. गालावरची परीक्षा पूर्ण पात्याने, चामोटीवर नीट परजून. दोन वस्तरे असतील तर एक ओळखीच्या दगडाचा, एक नव्याचा, आणि एका गालाला एक. हनुवटीखालचे उलटे केस आणि ओठावरची जागा, या दोन ठिकाणी फरक कळतो. गालाच्या सपाटीवर कुठलीही धार चालते. तुरटी फिरवल्यावर कुठे किती झोंबतं तेही बघा. तिखट धार दाढी साफ करते पण तुरटीत बोंबलायला लावते, आणि त्याला दगडापेक्षा दाब जास्त जबाबदार असतो, म्हणून दगडाला नावं ठेवायच्या आधी दोनदा हलक्या हाताने करून बघा.

शेवटी प्रत्येक दगडासोबत एक चिठ्ठी ठेवा. कोरडं वजन, पाण्यातला आकडा, घनता, चाकूची रेघ, लिंबाचा निकाल, स्लरीचा रंग, पाणी की तेल, आणि कुठल्या घरातून आला. नावाच्या जागी फक्त कूळ. लेबल किंवा शिक्का असेल तरच गाव. विकायचा झाला तरी हीच चिठ्ठी द्या आणि न धुतलेल्या दगडाचे पहिले फोटो सोबत जोडा. घेणाऱ्याला जास्त माहिती असेल तर तो त्यावरून पुढचं स्वतः सांगेल.